दारावरची पाटी

गुरुवार, १२ फेब्रुवारी

घरपट्टीचं बिल आलं, तेही घर विकणाऱ्या वाघकाकांच्या नावाने. दारावर पाटीसुद्धा अजून त्यांचीच. चिडूनच गेले त्यांच्याकडे पंचवटीत. ‘मालक तुम्ही, मग घरपट्टी मी का भरू?’ काकांनी शांतपणे साठेखत पुढे केलं. ताबा घेतल्यापासून घरपट्टी मी भरायची. शेवटचा हप्ता दिला की खरेदीखत होणार, तेव्हा घर माझ्या नावावर. खाली सही माझीच! पेढे वाटायच्या घाईत वाचलंच नव्हतं. इतकी कशी मी...?

वरमून निघाले, तर काका म्हणाले, ‘पावत्या जपून ठेव, पोरी. आणि कागदावर राहू दे माझं नाव, दारावर तुझं लाव.’

आल्या आल्या पाटी काढली. दारावर तेवढाच चौकोन उरलाय, नव्या रंगाचा. माझं नाव मावेल त्यात? आडनावासकट मावेल.