गेटवर उभं राहण्याची कला

३ मार्च
आजपासून रँच सॉर्टिंग. निर्णय पक्का. नियम उतरवून ठेवतो. दहा वासरं, पाठीवर शून्य ते नऊ आकडे. माइकवरून जो आकडा पुकारतील तिथून क्रमाने एकेक वासरू शेजारच्या कुंपणात घालायचं. वेळ एक मिनिट, घोडेस्वार दोन. एक जण वासरू हुडकून आणतो, दुसरा मधल्या गेटवर बाकीची अडवतो. चुकीचं वासरू गेलं की जोडी बाद.
शिकवलेल्या घोड्याच्या किमतीत आमच्या गावात घर येतं. म्हणून ड्यूक नावाचा स्वस्तातला घोडा घेतला. वय सतरा. बारा वर्षं मुलांच्या उन्हाळी शिबिरात होता. विकणारा म्हणाला, याने आजवर कुणाला पाडलेलं नाही. लोर्ना म्हणाली, पाडायला आधी हलावं लागतं. बायकोला घोड्यातलं कळत नाही.

१९ मार्च
सरावाला वासरं भाड्याने घेणं परवडत नाही. शेजारच्या मर्लच्या सहा शेळ्यांवर खडूने आकडे घातले. सराव उत्तम. चार नंबरने टोपी खाल्ली. मर्ल म्हणाला, माझ्या शेळ्या आता चांगल्या तयार झाल्यात, तुझं काय?

१२ एप्रिल
क्लबने मला दर्जा दिला: एक. (एक म्हणजे कच्चा, सहा म्हणजे उस्ताद.) केवळ कागदोपत्री गोष्ट. लोर्ना कमिटीची सेक्रेटरी आहे, आकडा तिनेच लिहिला. घरी जाब विचारला. म्हणाली, फॉर्मवर शून्य नव्हतं रे.

२६ एप्रिल, संध्याकाळ
वांडा क्रोगरचा फोन! आख्ख्या काउंटीत तिच्यासारखं वासरू कुणी काढत नाही. म्हणाली, या सीझनला माझ्या जोडीला येशील का. तिचा दर्जा पाच. जोडीची बेरीज सहाच्या वर गेलेली चालत नाही, म्हणून तिला एकवालाच लागतो हे खरं. पण क्लबात एकवाले बारा आहेत. तिने मला निवडलं. वांडाला माणसाची पारख आहे.

१० मे
पहिली स्पर्धा. वांडाची सूचना: गेटवर आडवा उभा राहा आणि काहीही करू नकोस. केलं नाही. ड्यूकचं पोट गेटात बरोबर बसतं. मधे त्याला डुलकी लागली, पण ते कुणाच्या लक्षात आलं नसावं. सात वासरं. पदार्पण दमदार.

७ जून
नुसतं उभं राहणं माझ्या योग्यतेचं नाही. आज पुढाकार घेतला. टाच मारली. ड्यूक एक पाऊल पुढे गेला, मागून तीन वासरं पळाली. बाद. वांडा म्हणाली, ग्लेन, आज तुला झालंय काय? एवढं चांगलं चाललं होतं, तू आहेस हे कळतसुद्धा नव्हतं. मनाला उभारी आली.

१२ जुलै
पहिला नंबर!! दहाही वासरं, एक्कावन्न सेकंद. पट्ट्याचं चांदीचं बक्कल. पुढच्या महिन्यात जत्रेच्या मैदानावर फायनल. वांडा आणि मी. बक्कल लावूनच झोपणार.

१३ जुलै
पोटाला ओरखडे.

१५ जुलै
क्लबचं पत्र. जिंकल्यामुळे नियमाप्रमाणे माझा दर्जा दोन. शेवटी घेतली दखल. पत्र फ्रेम करायला टाकलं. लोर्ना म्हणाली, आधी बेरीज करून बघ. हल्ली तिला माझं कौतुक सहन होत नाही.

१६ जुलै
पाच आणि दोन सात.

२० जुलै
वांडा स्वतः घरी आली, हे तिचं मोठेपण. येताना र्‍हुबार्बची गोड पेस्ट्री आणली. म्हणाली, मला एकवाला लागेल, दुसरा शोधते. मी विचारलं, आणि माझा शांतपणा? माझी घोड्यावरची पकड? तिने पेस्ट्रीचा आणखी एक तुकडा कापून घेतला. मग म्हणाली, ड्यूक फार गुणी आहे रे, आणि तू त्याच्या कामात लुडबुड करत नाहीस. गुरुवारी कमिटीची मीटिंग आहे, तोपर्यंत थांबते म्हणाली.
वाईट वाटलं. दिवसभर तबेल्यात गेलो नाही. फायनलला मला गेटवर उभं राहायचंय. दुसरं काही नको.

२४ जुलै, गुरुवार
कमिटीकडे अर्ज केला: दर्जा परत एक करावा. सोबत मी कच्चा असल्याचे पुरावे. वाटलं होतं दोन-तीन सुचतील. चौदा झाले. सगळे खरे. जेवण गार होईपर्यंत लिहीत होतो.
पशुखाद्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत मीटिंग. उभा राहिलो, घसा खाकरला, पहिला पुरावा वाचला. (खोगिरावर चढताना पलीकडे उतरलो, दोनदा.) अध्यक्ष म्हणाले, पुरे ग्लेन, मतं घेऊया. सात जणांची कमिटी. हात मोजले, सातही वर. लोर्नाचा हात मी उठून उभा राहिलो तेव्हापासूनच वर होता.
एकमताने मंजूर. वांडाला फोन केला, ती बरं म्हणाली. मी फायनलला आहे.
उरलेले तेरा पुरावे कुणी ऐकूनसुद्धा घेतले नाहीत.