भाऊजींच्या ओळीतलं प्रश्नचिन्ह

१२ मार्च, बुधवार

प्रिय ताईस,

धाकट्याचा नमस्कार. मी बरा आहे, वेळेवर जेवतो (जवळजवळ). इथे एका सायकलवाल्याकडे पंक्चर काढतो. खोलीतला सोबती झोपेत शीळ घालतो. खरंच, अख्खी चाल! आधी घाबरलो, आता पडल्या पडल्या ठेका धरतो. ते असो.

तुझं पत्र पोचलं. भाऊजी नोकरी सोडायचं म्हणतायत, "माझ्याच डोक्यावर माझा भरवसा राहिला नाही" म्हणाले, ते वाचलं. चार वेळा वाचलं.

मला भाऊजींचा राग नव्हता. म्हणजे, होता. त्यांनीच मला ऑफिसात चिकटवलं. ग्रंथालयाची चाळीस हजार जुनी कार्डं कॉम्प्युटरवर घेतलेली, प्रत्येकातून पुस्तकाचं नाव वेगळं काढायचं. तीन आठवडे मान मोडून मी अकराशे काढली. मग एक दिवस भाऊजी शेजारी बसले, तीन ओळींचा प्रोग्राम लिहिला, आणि मी चहा घेऊन येईपर्यंत चाळीस हजार खलास. म्हणाले, "ह्या ओळीतला हा शोधायचा नमुना कार्डावरच्या अवतरणचिन्हांमधलं नाव तेवढं उचलतो. आणि ही प्रोग्रामची भाषा मूळ मजकुराला बोटही लावत नाही, दरवेळी नवी यादी करून देते. बिनधास्त चुका कर, राजा!"

राजा म्हणे. इतका गोड माणूस, तेच सहन होत नाही.

त्या संध्याकाळी जेवताना तू मला म्हणालीस, "शीक जरा यांच्याकडून." पूर्वी घरातलं हुशार पोरगं मी होतो, ताई. निदान तू तरी सगळ्यांना तसं सांगायचीस.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाची माणसं आली. त्यांच्यासमोर सगळं पुन्हा चालवून दाखवायचं होतं. त्याआधी भाऊजी हात धुवायला गेले. नमुन्यात एक प्रश्नचिन्ह होतं. ते असलं की नमुना नाव संपताच थांबतो. नसलं की हावरटासारखा कार्डावरच्या शेवटच्या अवतरणचिन्हापर्यंत सगळं गिळतो. हे त्यांनीच मला समजावलं होतं, दोनदा, न चिडता.

ते चिन्ह मी खोडलं.

पडद्यावर पहिलंच नाव आलं ते असं: पुस्तक, लेखक आणि "पाने उंदरांनी कुरतडली" हा शेरा, सगळं सलग. खाली चाळीस हजार तसलीच. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "हे पुस्तकाचं नाव की पंचनामा?" सगळे हसले. मीपण हसलो. भाऊजी कानापर्यंत लाल झाले. "माझीच चूक. मी पुन्हा तपासायला हवं होतं." साहेबांनी काम काढून घेतलं. भाऊजींना माझा संशयसुद्धा आला नाही, ताई! माझ्या हातून एवढं होईल असंही वाटलं नसेल, याचासुद्धा मला राग आला. चार दिवसांनी मी "कंटाळा आला" म्हणून निघालो. कंटाळा नव्हता.

सोबत साहेबांच्या नावाचं पाकीट आहे, उघडंच. चिन्ह मी खोडलं, कधी आणि का, एवढंच त्यात आहे. आधी तू वाच, मग भाऊजींना दे, आणि त्यांनी राजीनामा द्यायच्या आत ते साहेबांपर्यंत पोचव. तुला वाटेल, घरातली गोष्ट घरातच राहू दे, पोराची अब्रू झाकू. झाकू नकोस.

भाऊजींनी माफ केलं, आणि ते करतीलच, तर निदान दोन महिने मला कळवू नकोस. त्यांचा चांगुलपणा मला एवढ्यात झेपायचा नाही.

तू ज्याला हुशार म्हणायचीस,
तो