मावशीची उत्तरं

ता. ९ जानेवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

नमस्कार नेहमीसारखाच वाकून केलाय, फक्त आज तोंडही वाकडं आहे. तू हट्ट धरलास म्हणून गेले बाई त्या थेरपीवाल्या मॅडमकडे. आता ऐक.

आधी तर आईच माझ्या पुढे आत घुसली. मॅडमनी मला विचारलं कशी आहेस, आई म्हणाली बरी आहे. मला विचारलं झोप लागते का, आई म्हणाली दगडासारखी झोपते, वर घोरते. मला विचारलं शाळा का सोडलीस, तर आईने असं गुऱ्हाळ लावलं की मॅडमचं पेन हातातच राहिलं. शेवटी त्यांनी गोड बोलून आईला बाहेरच्या बाकावर बसवलं. बाहेरून आई इतक्या जोरात उसासे टाकत होती की दार बंद असूनही आत ऐकू येत होते.

मग आम्ही दोघी. दोन खुर्च्या, मधे छोटं टेबल, त्यावर डोळे पुसायच्या कागदांचा डबा. घड्याळ माझ्या पाठीमागे, म्हणजे ते फक्त त्यांनाच दिसतं. मॅडम म्हणाल्या की इथे बोललेलं इथेच राहील, कुणाच्या जिवाला धोका असेल तरच त्या आईला सांगतील. मग म्हणाल्या, कुठूनही सुरू कर. मावशी, कुठूनही म्हणजे कुठून? मी गप्प. तर त्याही गप्प! मला वाटलं होतं एखादी गोळी देतील, नाहीतर निदान रागावतील तरी. या कामाला पगार मिळतो? मग मीही करते की, मला गप्प बसायचा जन्मापासूनचा अनुभव आहे.

मला घाई का आहे ते तुला ठाऊक आहे. आमच्या चष्म्याच्या दुकानातला काउंटरवरचा दादा मार्चअखेर दुसऱ्या गावी चाललाय. मालक म्हणालेत की आत काचा घासायला एक आणि बाहेर बोलायला एक असली चैन आता पुरे. काउंटर सांभाळत असशील तर राहा, नाहीतर मी दोन्ही करणारं माणूस बघतो. शाळेनंतर मला जमलेली ही एकच जागा आहे गं. मशीनवर काच धरली की माझे हात बरोबर चालतात. पण गिऱ्हाईक समोर आलं की जीभ टाळूला चिकटते. ती मार्चच्या आत सुटायला हवी आणि या मॅडम तर माझ्याकडे बघत बसतात.

तूच लिही काय बोलायचं ते. फोन करू नकोस. मागच्या वेळी मी बोलेन म्हणून तू जरा वेळ नुसता माझा श्वास ऐकत बसलीस आणि मग स्वतःच बोलत सुटलीस.

राग तुझा नाही, मॅडमचा आहे. लोभ असू दे.
तुझी घुमी

ता. १४ जानेवारी

चि. घुमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद आणि एक टपली.

अगं, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस? मी हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीत उगाच बसत नाही. माणसाने तोंड उघडायच्या आत मला कळतं त्याला कुठे जायचंय. एक्स-रे दुसरा मजला, रक्त तपासायचं तर डावीकडे, चला, पुढचा कोण! परवा एकाला मी तो बोलायच्या आत बाळंतिणींच्या वॉर्डात पाठवलं. तो निघाला नळ दुरुस्त करणारा. पण तिथलाही नळ गळतच होता, म्हणजे माझं काही चुकलं नाही.

तेव्हा मी सांगते तसं बोल. मॅडमनी विचारलं काय होतं, तर म्हणायचं की समोर माणूस आलं की छाती धडधडते, हात गार पडतात. भीती कसली, तर म्हणायचं की आपण जरा थांबलो तर आपण कुणालाच नकोसे होऊ, म्हणून सगळं आधीच करून टाकावंसं वाटतं. झोपेचं विचारलं तर म्हण डोळ्याला डोळा लागत नाही, दिवसभर कुणाला काय सांगितलं तेच डोक्यात फिरतं. खोली शांत झाली की नको होतं, म्हणून रेडिओ चालू ठेवते. रडू येतं का विचारलं, तर म्हण येतं, पण नळ सोडून, म्हणजे कुणाला ऐकू जात नाही.

हे पाठ कर आणि धाडधाड बोलून मोकळी हो. दोन खेपांत बरी होशील बघ.

आईवर चिडू नकोस, ती तुझ्या काळजीने बोलते. मीही त्यातलीच. माया आहेच, ती मोजू नकोस.
तुझी मावशी

ता. २ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि., आणि हा नमस्कार बसूनच केलाय, कारण दमलेय.

तू लिहिलेलं सगळं पाठ केलं आणि बोलले. मॅडम एकदम सरसावून बसल्या. किती छान सांगते आहेस म्हणाल्या. मला लाज वाटली, पण तुझ्या अक्षराची शपथ घेतल्यासारखी मी पुढे बोलत राहिले. आता बघ त्याचा परिणाम.

त्यांनी सांगितलं की रोज थोडा वेळ रेडिओ बंद करून शांत बसायचं आणि काय वाटतं ते बघायचं. मावशी, आमच्याकडे रेडिओच नाही! आईला शेजारच्या काकूंकडे पाठवून मागून आणला, लावला आणि बंद केला. काय वाटलं? वाटलं की काकूंना रेडिओ परत द्यायला हवा. झोपेसाठी श्वासाचा व्यायाम दिला, तर दुसऱ्याच श्वासाला मी घोरायला लागले, असं आई म्हणते. हात गार पडतात त्यावर हात चोळायचे होते. माझे हात मशीनवर दिवसभर तापलेले असतात.

आणि इकडे काउंटरवर व्हायचं तेच झालं. मालकांनी मुद्दाम मला एकटीला उभं केलं. एक आजी आल्या, चष्म्याची दांडी सैल झाली होती. त्या काही सांगायच्या आत मी त्यांच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला आणि आत पळाले. स्क्रू बसवला, काच पुसली, धीर येईपर्यंत पुन्हा पुसली. तिकडे आजी काउंटर घट्ट धरून उभ्या, मला काही दिसत नाही, माझा चष्मा घेऊन कोण पळालं म्हणून ओरडतायत. मालकांनी कपाळावर हात मारला. दादा हसून हसून खाली बसला.

मला नाही जायचं परत थेरपीला. तिथून आले की डोकं जड होतं आणि आईच्या प्रत्येक शब्दाचा राग येतो. हे बरं होणं आहे का?

लोभ असेलच, तो दाखवायला उत्तरं पाठवतेस हेही कळतं.
तुझी घुमी

ता. ७ फेब्रुवारी

चि. घुमीस,
आशीर्वाद. टपली या वेळी दोन.

मधेच सोडलंस तर माझ्याशी गाठ आहे! पाठांतरात काहीतरी गाळलं असशील. शाळेतही तुझं हेच होतं. खिडकीसमोर ही रांग लागलीय, तरी तुझ्यासाठी लिहितेय. पुढच्या वेळी हे सांग, की कुणी कसं आहेस विचारलं की आधी त्यांनाच विचारते, तुम्ही कसे आहात. आणि सुट्टीचा दिवस अंगावर येतो. एवढं सांगूनही त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला नाही, तर मी स्वतः त्यांना पत्र लिहीन. पत्ता तुझ्या आईकडून घेते.

जीव लावलाय म्हणून जीव खाते, समजून घे.
तुझी मावशी

ता. २४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि., आणि हे पत्र शेवटपर्यंत वाच. मधेच उत्तर लिहायला घेऊ नकोस.

परवा दुकानात एक गृहस्थ चष्मा परत घेऊन आले. सोबत बायको. नवा चष्मा लावून ते आमच्याच काचेच्या दारावर आपटले होते. मालक वैतागले, कारण डोळे त्यांनी स्वतः तपासले होते. मग दादाला आठवलं. मालक एकेक भिंग बदलून विचारत होते, हे बरं की आधीचं बरं, आणि दर वेळी बायकोच सांगत होती, हे बरं. त्यांना असंच लागतं, मी ओळखते ना त्यांना. नवरा आपला मान हलवत होता. त्या बाई बिचाऱ्या वाईट नव्हत्या गं, नवऱ्याच्या टेंगळाला सारखा हात लावून बघत होत्या.

मालकांनी बाईंना फ्रेमा बघायला पाठवलं आणि नवऱ्याला पुन्हा खुर्चीत बसवलं. त्याला इतका वेळ लागला की मालक दोनदा घाम पुसून आले. शेवटी तो हळूच म्हणाला की दोन्ही धूसर आहेत. मी आत मशीनपाशी होते. माझे कान तापले.

काल मॅडमकडे पुन्हा गेले आणि तुझी उत्तरं सुरू केली. सुट्टीचा दिवस अंगावर येतो, इथपर्यंत आले आणि थांबले. म्हटलं, मॅडम, हे माझं नाही. माझ्या मावशीचं आहे. आमच्याकडे रेडिओसुद्धा नाही. मला वाटलं आता हाकलतील. त्या तोंडावर हात ठेवून हसल्या, मग सॉरी म्हणाल्या. म्हणाल्या की एखादी गोष्ट तुला लागू पडत नसेल तर ते इथे खुशाल सांगायचं, त्याचसाठी ही खुर्ची आहे. आणि तुझं काय आहे म्हणून विचारून गप्प बसल्या.

या वेळी त्या गप्प बसल्याचं मला बरं वाटलं. कारण कुणी माझ्या पुढे धावत नव्हतं.

मावशी, मला माणसांची भीती नाही वाटत. मला राग येतो. मी हळू आहे. वाक्य माझ्या डोक्यात तयार व्हायला वेळ लागतो. शाळेत मी तोंड उघडेपर्यंत सर पुढच्या बाकावर गेलेले असायचे. घरी आई. फोनवर तू. माझा शब्द येईपर्यंत त्याच्या जागेवर कुणीतरी बसलेलं असतं. मग मी शब्द आणायचंच सोडून दिलं. आजींचा चष्मा घेऊन पळाले तेही त्याचमुळे, त्या काही म्हणतील आणि मला लगेच बोलावं लागेल म्हणून. एवढंच सांगायला मला पूर्ण वेळ लागला. मॅडमनी एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही, मी त्यांच्या डोळ्यांवर लक्ष ठेवून होते.

निघताना त्यांनी सहज विचारलं की मावशींना झोप लागत नाही का. मी म्हटलं छे, मावशी मस्त असते, सगळ्यांना उत्तरं देते. मग घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं. मावशी, रेडिओ तुझ्याकडे आहे.

मॅडमना पत्र लिहू नकोस. मलाही उत्तरं लिहू नकोस. लोभ मात्र असू दे, तो बंद केलास तर मी खरंच रडेन.
तुझी घुमी

ता. २० मार्च

चि. घुमीस,
आशीर्वाद. टपली नाही.

तुझं पत्र आलं आणि माझा असा भडका उडाला की काय सांगू. हिच्यासाठी मी जीव टाकते आणि ही मला रेडिओ दाखवते. चांगली खरमरीत पत्रं लिहिली आणि फाडली. मग तुला खोटं पाडायचं म्हणून रेडिओ बंद करून बसले. जरा वेळाने उठून नळ सोडला. बाकी तुला माहीतच आहे, तुझ्याकडून पाठच करून घेतलंय.

आमच्या हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर थेरपीची खोली आहे. इतकी वर्षं मी लोकांना सांगते आहे, उजवीकडे, शेवटचं दार. मंगळवारी पहिल्यांदा स्वतः गेले. दार डावीकडे आहे गं! उजवीकडे झाडू ठेवायची खोली आहे. किती रडवेल्या माणसांना मी झाडूंकडे पाठवलं असेल.

आत एक तरुण मुलगा बसलेला. मी त्याला विचारलं कसा आहेस. तो म्हणाला छान, आणि तुम्ही? मी तोंड उघडलं तर आत काहीच नाही. मी, चौकशीच्या खिडकीतली, गप्प! तोही गप्प. हसू नकोस. एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी पुन्हा बोलावलंय. तू आता सरावलीस, तेव्हा काय बोलायचं ते मला सविस्तर लिहून पाठव. आणि तुझ्या काउंटरचं काय झालं? मी अंदाज करणार नाही. तू सांग.

राग गेला, माया होती तिथेच आहे.
तुझी मावशी

ता. २८ मार्च

ती. घुम्या मावशीस,
शि. सा. न. वि. वि., एकदम सरळ तोंडाने.

काउंटरचं असं झालं. मी मालकांना म्हटलं की मी काउंटर सांभाळीन, पण मला वेळ लागेल, तो द्या. तिथे मी एक खुर्ची ठेवलीय. माणूस आलं की आधी सांगते, बसा, मी हळू बोलते. काही बसतात. एक जण घड्याळ बघून निघून गेला. एका बाईंनी माझी सगळी वाक्यं स्वतःच पुरी केली आणि भलतीच फ्रेम घेऊन गेल्या, उद्या येतील परत. त्या आजी आल्या होत्या, चष्मा दोन्ही हातांनी धरून. मी म्हटलं, घेत नाही, नुसती दांडी बघते. मालक वैतागतात, पण काल म्हणाले, राहा, फक्त जरा लवकर बोलत जा. मी म्हटलं ते जमणार नाही. हे म्हणायलाही मला वेळ लागला आणि ते माझं संपेपर्यंत उभे राहिले.

आईला मात्र अजून बाहेरच्या बाकाचा राग आहे. थेरपी अजून चालूच आहे. मार्चच्या आत जीभ पूर्ण सुटेल असं मी समजत होते, ते वेडेपणाचं होतं.

आता तुझं. काय बोलायचं ते मी लिहिणार नाही. चिड हवं तेवढं. घड्याळ तुझ्या पाठीमागे असेल, वळून बघू नकोस. पहिल्या काही खेपा उगाच गेल्या असं वाटेल. घरी आल्यावर डोकं जड होईल, त्या दिवशी खिडकीतल्या लोकांवर ओरडू नकोस. एखादी गोष्ट लागू पडली नाही तर त्या मुलाला तसं सांग. आणि डोळे पुसायच्या कागदांचा डबा तिथे असतोच, नळ सोडावा लागत नाही.

रविवारी मला फोन कर. मी बोलणार आहे. मधे बोलायचं नाही. तुला काही सुचलं नाही तरी चालेल, ठेवू नकोस. या वेळी मी तुझा श्वास ऐकत बसेन.

लोभ आहे, त्याला विचारायचं काय.
तुझी घुमी