उतरवून काढलेले पान

गुलटेकडी, पुणे
१३ नोव्हेंबर २००६

प्रिय नम्रता,

आजोबाने नातीला पत्र लिहिताना आरंभी ‘चिरंजीव’ लिहावे, असे आम्हाला चौथीत शिकवले होते आणि तो नियम मी आजवर मोडलेला नाही. आज ‘प्रिय’ लिहिले आहे, ते विचार करूनच. ‘चिरंजीव’ लिहिले की पुढे उपदेश आला, आणि या पत्रात मला उपदेश करण्याचा अधिकार नाही. का नाही, ते पुढे येईल. तू कर्वेनगरहून दर रविवारी येतेस, मग एकाच शहरात पोस्टाने पत्र कशाला, असे तू विचारशील. समोरासमोर सांगण्याचा मी दोन रविवार प्रयत्न केला. दोन्ही वेळा तुला चहा करून दिला आणि नळाला पाणी कमी येते, याविषयी बोललो.

दिवाळी अंकातील तुझा लेख मी चार वेळा वाचला. लहानपणापासून ऐकलेली गाणी, वाचलेली मासिके आणि पुस्तके यांविषयी तू लिहिले आहेस, आणि चांगले लिहिले आहेस. अंक घेऊन मी फळबाजारात गेलो व हिंदुरावशेठच्या गाळ्यावर सर्वांना दाखवला. शेठ आता थकले आहेत, परंतु जीभ शाबूत आहे. म्हणाले, “कोंडीराम, माझ्या रद्दीवर तुझी नात लेखिका झाली, आणि लेखात माझं नाव नाही होय?” त्यांचे म्हणणे योग्य आहे. माझीही एक दुरुस्ती आहे. तू लिहिले आहेस, ‘आजोबा मार्केट यार्डात कामाला होते.’ मी हमाल होतो. एकतीस वर्षे पाठीवर पेट्या वाहिल्या आणि एकही पेटी खाली टाकली नाही. हमाल हा शब्द शुद्ध आहे आणि तो लिहिण्यास जागाही कमी लागते.

ही दुरुस्ती किरकोळ आहे. गेल्या मंगळवारी तुझी खोलीतली मैत्रीण नीरजा कंपनीतून परस्पर इकडे आली. पादत्राणे काढण्याआधीच दारातून बोलू लागली, “आबा, तिला तीन वर्षांसाठी जर्मनीला पाठवतायत आणि तिने चक्क नाही म्हणून मेल टाकलाय. मॅनेजर म्हणाला, पुढच्या शुक्रवारपर्यंत परत विचार कर. तुम्ही तरी सांगा ना तिला!” मी तिला बसावयास सांगितले. मला यातील काहीच ठाऊक नव्हते. ती गेल्यावर मी तुझा लेख पाचव्यांदा काढला आणि त्याचा शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचला. त्यात तू लिहिले आहेस की लहानपणी एका मासिकात वाचलेल्या कथेच्या शेवटाने तुला आपली माणसे सोडून न जाण्याचे शहाणपण दिले. त्या लेखकाचे नाव कोणास माहीत असल्यास कळवावे, अशी वाचकांना विनंतीही केली आहेस. ते नाव मला माहीत आहे.

तुझ्या लेखात मासिकांचा भाग सर्वांत मोठा आहे, परंतु ती घरात कशी आली हे तू थोडक्यात आटोपले आहेस. फळांच्या पेट्यांना आतून लावण्यासाठी गाळ्यावर रद्दीचे गठ्ठे येत. त्यांत वर्तमानपत्रे अधिक आणि मासिके थोडी. मासिक दिसले की मी ते बाजूला काढून ठेवत असे आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्याच वजनाची वर्तमानपत्रे नेऊन गठ्ठ्यात घालत असे. दुसऱ्याची रद्दी ही सुद्धा दुसऱ्याची वस्तू आहे. पुष्कळदा मी पोहोचण्याआधीच मुखपृष्ठ फाडून पेटीत गेलेले असे, आतली पाने फळांच्या रसाने भिजलेली असत. डाळिंबाच्या डागाखाली अक्षर बुडून जाते. संत्र्याच्या रसाने पाने एकमेकांस चिकटतात, ती ओली असतानाच हलक्या हाताने सोडवावी लागतात. तुझी आजी ती पाने दोरीवर, धुतलेल्या कपड्यांच्या शेजारी, चिमटे लावून वाळत घालत असे. वाळलेले पान मी खिडकीशी उजेडात धरी, आणि जे वाचता येत नसे ते शब्द लावून लावून संपूर्ण पान वहीत उतरवून काढी. माझ्या मराठीला तू ‘छापील’ म्हणून हसतेस. ती छापीलच आहे. चौथीनंतर मला जी भाषा आली ती त्या ओल्या पानांची नक्कल करताना आली. पुढे अडलेल्या शब्दांसाठी एक शब्दकोश विकत घेतला. आयुष्यात मी विकत घेतलेले ते एकमेव पुस्तक.

गाण्यांविषयी तू लिहिले आहेस ते बरोबर आहे. शेठच्या गाळ्यावर कॅसेट वाजत असे आणि त्यातली गाणी तू मोसंब्यांच्या ढिगामागे बसून पाठ करत होतीस. फीत अडकली की पेन्सिल घालून गुंडाळण्याचे काम तुझ्याकडे होते. परंतु एक गोष्ट तुला माहीत नाही. गेल्या वर्षी तू तुझ्या हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला लावलीस आणि मी ‘गोंगाट आहे’ एवढेच म्हणालो. ते असत्य होते. त्या गाण्यातील ढोलाचा ठेका मला ओळखीचा वाटला. ट्रकच्या फळीवरून ओझे घेऊन उतरताना पावलांना जो ठेका लागतो, तोच. तुला आवडणारी वस्तू मलाही आवडली, हे कबूल करणे मला जमत नाही. तुझ्या आजीलाही या स्वभावाचा त्रास झाला.

आता त्या कथेविषयी. साल १९९३, मे महिना. तू अकरा वर्षांची होतीस. तुझ्या वडिलांना, संतोषला, सुरतेस नोकरी लागली होती आणि शाळा सुरू होण्याआधी तो तुझ्या आईला, भाग्यश्रीला, व तुला घेऊन जाणार होता. मी त्याला विरोध केला नाही. बापाने मुलाकडे ‘राहा’ म्हणून याचना करावी, हे मला शोभणारे नव्हते. त्याच सुमारास ते मासिक आले. गावातील एका वृद्ध गायनगुरूंची शिष्या, तिला शहरातील मोठ्या गायिकेकडून शिकण्यासाठी बोलावणे येते. ती तंबोरा घेऊन बसच्या थांब्यावर उभी राहते, आणि तिथे पान संपते. तू रोज विचारू लागलीस, “आबा, पुढे काय झालं? गेली का ती?” मी सांगितले की शेवटचे पान फार भिजले आहे, वाळले की उतरवून देईन.

नम्रता, ते पान भिजलेले नव्हते. ते नव्हतेच. रद्दीवाल्याकडेच ते कुठे गळून पडले असावे. दुपारच्या सुट्टीत पालथ्या पेटीवर बसून मी ते माझ्या मनाने लिहिले. ती मुलगी थांब्यावरून मागे फिरते, गुरूंच्या दारात तंबोरा टेकवून ठेवते आणि म्हणते, ‘जो सूर इथे लागतो तो तिथे लागणार नाही.’ हेच वाक्य तू लेखात अवतरणचिन्हांत दिले आहेस. ज्या लेखकाचे नाव तू वाचकांना विचारते आहेस तो हमाल पंचायतीचा सभासद होता.

शेवट लिहिण्याची मला हौस होती, असे म्हणून सुटता येईल, परंतु तेही असत्य होईल. मी तो शेवट कथेसाठी लिहिला नव्हता. तू तो वाचलास आणि जाण्याच्या दिवशी दाराची चौकट धरून उभी राहिलीस. भाग्यश्रीने माझ्याकडे पाहिले. मी एक शब्द बोललो असतो तर तू गेली असतीस. मी म्हणालो, “मुलीला इथली शाळा बरी वाटते, तर राहू द्या.” तिने खाली बसून तुझी वेणी घातली आणि गेली. ती वेणी तू दोन दिवस कोणाला सोडू दिली नाहीस. लोकांनी तुझे कौतुक केले की नात आजोबांना धरून राहिली. मी ते ऐकून घेतले. तुझ्या आजीने मात्र वही उघडली, ते पान वाचले, वही मिटली आणि मला एवढेच म्हणाली, “हे पान वाळत घातलेलं मला आठवत नाही.” त्यानंतर दहा वर्षे ती जगली आणि तो विषय तिने पुन्हा कधी काढला नाही. तिने काढला असता तर बरे झाले असते.

नीरजा येऊन गेल्यानंतर बुधवारपासून तीन दिवस मी शहरातील एका जुन्या ग्रंथालयात बसलो. तेथे बाबुराव म्हणून गृहस्थ आहेत. त्यांनी विचारले, “आजोबा, सभासद आहात का? नाही? मग इथेच पाहायचं, न्यायचं नाही.” मी सांगितले, “वाहून नेण्याचे माझे काम संपले आहे, पाहण्यासाठीच आलो आहे.” दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझ्यासाठी खिडकीजवळची खुर्ची मोकळी ठेवली. त्या वर्षांचे जुने अंक बांधून ठेवलेले आहेत. तिसऱ्या दिवशी दुपारी कथा सापडली. शेवटचे पान होते. कोरडे, अखंड.

खऱ्या कथेत ती मुलगी बसमध्ये चढते. तंबोऱ्याची गवसणी ती घाईत विसरलेली असते. गुरू ती गवसणी घेऊन थांब्यावर येतात तेव्हा बस निघून गेलेली असते. धूळ बसेपर्यंत ते उभे राहतात, गवसणीची नीट घडी घालतात, काखेत धरतात आणि घरी जाऊन दुसऱ्या मुलांची शिकवणी सुरू करतात. तिथे कोणी रडत नाही. माझ्या शेवटापेक्षा हा चांगला आहे. हे लिहिताना मला किती वेळ लागला, ते तुला कळणार नाही.

ते पान मी उतरवून काढून सोबत जोडले आहे. या वेळी त्यात एकही शब्द माझा नाही. दोन ठिकाणी भाषा सुधारावीशी वाटली, ती सुधारली नाही. तेरा वर्षांपूर्वी माझ्या एका पानाने तुला आईपासून दूर ठेवले, आणि आता तेच पान तुला पुन्हा चौकट धरून उभे राहावयास लावत आहे, म्हणून हे पत्र. माझी काळजी हे कारण पुढे करू नकोस. पुढच्या महिन्यात मी सुरतेस राहावयास येतो, असे काल संतोषला फोनवरून कळवले. मुलाच्या घरी राहणार नाही, असे मी म्हणत आलो होतो; ते मागे घेतले. भाग्यश्रीची क्षमा मागावयाची आहे आणि ती फोनवरून मागण्यासारखी नाही. तुझा नकार या शुक्रवारपर्यंत मागे घेता येतो. पान वाच, मग तुला जे करावयाचे ते कर. त्या शेवटाला मात्र या वेळी माझा हात लागलेला नसावा. रविवारी नेहमीप्रमाणे ये. चहा मी करीन. नळाविषयी बोलणार नाही.

तुझाच,
कोंडीराम आबा
हमाल (निवृत्त), फळबाजार