डाव्या दाराचा कौल

॥ ॐ नमः शिवाय ॥

लोहा, गुरुवार

ती. मलप्पाअण्णा यांना बसवंतचे शरणु शरणार्थ.

तुमचा गुडघा कसा आहे? निलंग्याच्या वैद्यांचं तेल लावत असाल अशी आशा आहे. (तुमच्या बहिणीचं म्हणणं, तुम्ही ते लावत नाही, फक्त बाटली खिडकीत ठेवता.) वहिनींनी पाठवलेलं काळं तिखट संपत आलं, एवढंच त्यांच्या कानावर घाला, बाकी काही बोलू नका. हे सगळं फोनवर बोलता आलं असतं हे मला माहीत आहे. पण फोनवर तुम्ही बोलता आणि मी हो म्हणतो, अशी आपली बावीस वर्षांची रीत आहे. आज मला जे सांगायचं आहे ते हो म्हणून सांगता येण्यासारखं नाही. तुमच्या भाचीच्या, साक्षीच्या, आयुष्याचा प्रश्न आहे आणि त्यात मी एक लबाडी केली आहे. म्हणून कागद घेतला.

मे महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी मी गाडी धुतली. पूजा आटोपून बोनेटला विभूतीची तीन बोटं ओढली. अकरा वाजले होते आणि ऊन असं होतं की बोनेटवरचं पाणी पुसायची गरज पडली नाही. आम्हाला इस्लापूरला एका लग्नाला जायचं होतं. गाडी तुम्ही पाहिलेली आहे. निवृत्त डॉक्टरांकडून घेतलेली जुनी पांढरी, जिच्या चावीवरचं बटण दाबलं की चारही दारांच्या लॉकच्या खुंट्या एकदम खाली जातात. मी बटण दाबलं, तेव्हा आमच्या आई ओट्यावर सुपात ज्वारी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "बसवंता, असल्या उन्हात जायलाच पायजे का रं?" आणि त्याच क्षणी पुढच्या डाव्या दाराची खाली गेलेली खुंटी खट् करून आपोआप वर आली.

मी पुन्हा बटण दाबलं. तीन खुंट्या खाली, डावी पुन्हा वर. आईंनी सूप बाजूला ठेवलं. गावच्या वीरभद्राच्या देवळात कौल कसा लावतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. पुजारी देवाच्या दोन्ही खांद्यांना ओलं फूल चिकटवतो, उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. आईंचं सगळं आयुष्य त्या फुलांवर चाललेलं. माझं नाव त्या फुलांनी ठरवलं, आमची विहीर कुठे खणायची ते त्या फुलांनी ठरवलं (पाणी लागलं नाही, पण तो दोष खणणाऱ्याचा, असं आई म्हणतात). त्यांनी दाराला हात जोडले आणि घरात जाऊन लुगडं बदललं. लग्नाला जाणं रद्द. आता हे एवढ्यावर मिटलं असतं. पण त्याच दिवशी दुपारी तीन वाजता आमच्या गल्लीत अकरा दिवसांनी नळ आला, आणि आम्ही घरी होतो म्हणून दोन्ही टाक्या, सगळ्या घागरी आणि साक्षीच्या कपड्यांचा टब भरून निघाला. इस्लापूरला गेलो असतो तर? हा प्रश्न आईंनी संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या चौदा घरांत विचारला.

पुढचं तुम्हाला अर्धं माहीत आहे. शेजारच्या शिवम्माकाकूंनी म्हैस विकू का म्हणून विचारलं, दार नको म्हणालं, आणि आठवड्यात म्हैस गाभण असल्याचं कळलं. अमरनाथ गुरुजींनी बदलीचं विचारलं. मग दाराच्या मुठीला कुंकू लागलं, टायरपुढे नारळ फुटले, आणि पंचायत समितीत माझ्या टेबलाशी लोक दाखला मागायला येण्याऐवजी गाडी कुठे उभी आहे ते विचारायला लागले. देव कुठे राहतो हे ठरवणारा मी कोण? ज्याला आपण दगडात पाहतो त्याला पत्र्यात पाहायला काय हरकत, असं मनाला समजावत होतो. पण रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन बसलो की बाहेरून कुणीतरी दाराला विचारत असे, "मेथी पेरू का?" आणि माझं ध्यान मोडत असे.

शेवटी मी गाडी गुपचूप कंधार रस्त्यावर रामकिशन मिस्त्रीकडे नेली. रामकिशन कमी बोलणारा माणूस आहे. त्याने दार उघडलं, दाराला कान लावला, चार वेळा बटण दाबलं आणि म्हणाला, "सायब, कौल-बिल काय न्हाई. लॉकची मोटर गेली हाय. गार असली की चालती, तापली की न्हाई म्हणती." मी विचारलं, म्हणजे नेमकं कसं? तर म्हणाला, दाराच्या आत एक लहान मोटर असते, तीच खुंटी खाली ओढते. ती झिजली. सकाळी नऊपर्यंत घट्ट धरते, ऊन चढलं की सोडून देते. "बदलू का?" त्याने विचारलं. मी नको म्हणालो.

अण्णा, का नको म्हणालो ते आता लिहितो. त्याच आठवड्यात तुम्ही साक्षीसाठी उदगीरच्या मुलाचं स्थळ आणलं होतं. घर चांगलं, खत-बियाण्याचं दुकान, मुलगा निर्व्यसनी, आणि तुम्ही आणलेलं. मला ते नको होतं. साक्षीला पुढे शिकायचं असेल असा माझा अंदाज होता. (तिची रसायनाची पुस्तकं तिने रद्दीत दिली नव्हती, हा माझा सगळा पुरावा.) पण तुम्हाला नाही म्हणण्याची ताकद माझ्यात नव्हती, आजही नाही, म्हणून हे सगळं कागदावर. आई म्हणाल्या, "दाराला इचारू." मी म्हणालो, विचारू की, पण दुपारी दोनला, जेवणं झाल्यावर, शांतपणे. आणि सकाळपासून गाडी लिंबाखालून काढून उन्हात लावली.

दार नाही म्हणालं. मी तुम्हाला फोन केला की कौल आला नाही. तुम्ही एका शब्दाने रागावला नाहीत. उलट म्हणालात, देवाच्या पुढे आपण कोण. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्याच फोनवर तुम्ही म्हणालात, बसवंता, माझंही विचार, सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहू का? अपराधी माणूस फार उदार असतो. तुमचा प्रश्न मी दुसऱ्या दिवशी पहाटे साडेसहाला विचारला. गाडी रात्रभर झाडाखाली, मोटर गार. चारही खुंट्या अशा खाली गेल्या की काय सांगू. याबद्दल खाली ताजा कलम आहे.

पण माणूस जे करतो ते त्याच्याकडे परत येतं, याला फार वेळ लागत नाही. मागच्या आठवड्यात साक्षीचं नाव लातूरच्या कॉलेजात एम.एस्सी.च्या यादीत लागलं. घरात पेढे आले. प्रवेश घ्यायला सात दिवस होते. मी ऑफिसात असताना आई दुपारी एक वाजता, कुणाला न सांगता, डोक्यावर पदर घेऊन गाडीपाशी गेल्या, शिवम्माकाकूंकडून चावीचं बटण दाबून घेतलं आणि दाराला विचारलं, "पोरीला लातूरला धाडू का?" मी घरी आलो तर पेढ्यांचा डबा झाकलेला, साक्षी पुस्तकं पोत्यात भरत असलेली, आणि आई ओट्यावर डोळे पुसत बसलेल्या. "माझ्या बी मनात व्हतं रं तिनं शिकावं," त्या म्हणाल्या, "पर त्योच न्हाई म्हणतोय." मी म्हणालो, सकाळी परत विचारू. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी चपला न काढता तिथेच खाली बसलो. एकदा लागलेला कौल पुन्हा लावत नाहीत हे मला पाळण्यापासून ठाऊक आहे.

अण्णा, त्या क्षणी मी खरं सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी मोटर बदलायचं ठरवलं. (सत्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जाऊन थांबायचं, ही माझी नोकरीतली सवय.) आईंना सांगितलं की दार नीट लागत नाही, दुरुस्त करू. "कौल देणारं दार दुरुस्त करत्यात व्हय?" त्या म्हणाल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी नांदेडहून एसटीच्या पार्सलने मोटर आली. रामकिशनने आमच्या अंगणात डबा उघडला आणि कपाळाला हात लावला. मोटर उजव्या दाराची होती. आई एकदम पुढे झाल्या. चेहरा उजळलेला. "उजवी आली? आरं मग तीच बशीव की! उजवा म्हंजे हो!" रामकिशन म्हणाला, "काकू, उजवीची डाव्याला बसत न्हाई." आई म्हणाल्या, "तू बशीव तरी." त्या दोघांचा हा संवाद अर्धा तास चालला. आईंनी त्याला त्याच्या आजोबांपासून ओळखत असल्याचं सांगितलं, त्याने कानाला हात लावले, पण मोटर काही वळली नाही. ती परत गेली. प्रवेशाला तीन दिवस उरले.

दुसरी मोटर मंगळवारी आली, आणि ती डावीच होती. आईंनी गाडीशेजारी खुर्ची मांडून घेतली, जशी माणसं दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसतात. रामकिशनने काच वर घेतली, मुठीमागच्या झाकणाखाली लपलेला स्क्रू काढला, आणि दाराचं आतलं कव्हर दोन्ही हातांनी ओढलं. कटाकट क्लिपा सुटल्या. (दोन तुटल्या. त्या आता शर्टाच्या खिशात घेऊन फिरतो, का ते माहीत नाही.) आत काळ्या डिंकाने चिकटवलेला प्लास्टिकचा कागद होता. तो हलकेच सोलला. त्याच्या मागे हात घालून त्याने वायरींचा जोड सोडवला, दांडी निसटवली आणि पेढ्याच्या डबीएवढी काळी मोटर बाहेर काढली. आईंनी हात पुढे केला. त्याने ती त्यांच्या तळहातावर ठेवली.

"ह्येच्यात हाय व्हय त्यो?" त्यांनी विचारलं. रामकिशनने दोन वायरी बॅटरीला लावल्या. मोटरीने दांडी ओढली, क्षणभर धरली, आणि खट् करून सोडली. पुन्हा लावल्या. ओढली, सोडली. मग त्याने ती माठाखालच्या ओल्या फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं सावलीत ठेवली आणि परत वायरी लावल्या. ओढली, धरली, धरूनच ठेवली. आईंनी ती डबी पुन्हा हातात घेतली. मग म्हणाल्या, "एवढ्याशा डबीनं माझी नात घरी बसीवली?" आणि मग, माझ्याकडे न बघता, "तुला ठावं व्हतं का रं?"

मी हो म्हणालो. उदगीरच्या मुलाचंही सांगितलं, उन्हात लावलेल्या गाडीसकट. मला वाटलं, त्या देवाचा अपमान झाला म्हणतील. त्या म्हणाल्या, "देवाचं काय व्हत न्हाई रं. त्याला सवय हाय. मला येडी केलीस त्येचं सांग." रामकिशन दाराच्या आत डोकं घालून बसला, जणू तिथे फार काम आहे. नवी मोटर बसली, कव्हर लागलं, आईंनी स्वतः बटण दाबलं. चारही खुंट्या खाली गेल्या आणि खालीच राहिल्या. "आता ही दुपारी बी हो म्हणती?" त्यांनी विचारलं. रामकिशन म्हणाला, "काकू, ही आता समद्यालाच हो म्हणती." आई म्हणाल्या, "मंग काय उपेगाची," आणि घरात गेल्या.

मी साक्षीला म्हणालो, बाळा, मोटर बदलली, आता काही अडचण नाही, तू लातूरला जा. ती पोत्यातून पुस्तकं काढत होती. म्हणाली, "अप्पा, आधी दार नाही म्हणालं म्हणून राहायचं, आता दार हो म्हणतं म्हणून जायचं. मला कधी विचारणार?" मी म्हणालो, विचारतो, जायचंय का? ती म्हणाली, "जायचंय. पण एक सांगू? उदगीरचा मुलगा काही वाईट नव्हता. तेव्हाही कुणी विचारलं नाही." अण्णा, मी तिच्या भल्यासाठी खोटं बोललो, या एका आधारावर दोन महिने काढले होते. तो आधारही गेला. पत्र्याच्या दाराला विचारणाऱ्या आईंना मी मनातल्या मनात हसत होतो, पण त्या निदान विचारत तरी होत्या.

तर हे असं आहे. तुमच्याशी खोटं बोललो, क्षमा करा. रागावायचं असेल तर पोटभर रागवा, फक्त ते तुमच्या बहिणीला फोन करून नको, कारण तिचं रागावून झालेलं आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला
बसवंत

ता. क. सोसायटीच्या निवडणुकीबद्दल. तुमचा होकार पहाटे साडेसहाचा होता हे वर लिहिलंच आहे. अर्ज मागे घ्यायची मुदत शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत आहे, मी चौकशी केली. तुम्ही पत्रकं छापली असतील तर मात्र उभे राहा, कदाचित निवडून याल. मोटरीला त्यातलं काही कळत नाही, हा मुद्दा तुमच्या बाजूचाही आहे.

ता. क. २. उदगीरच्या मुलाचं अजून कुठे जमलं आहे का, याची चौकशी करा असं मी लिहिणार होतो. साक्षी म्हणाली लिहू नका, लागेल तेव्हा मीच विचारीन. म्हणून लिहीत नाही.

ता. क. ३. कॉलेजच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही. तुमच्या लातूरच्या घरात माडीवरची खोली रिकामी आहे असं तुमची बहीण म्हणते. तुम्हाला विचारून मग पाठवावं, असा माझा विचार होता. मग लक्षात आलं की तुम्ही विचार करून सांगतो म्हणाल, आणि मी हो म्हणेन, आणि प्रवेशाची तारीख निघून जाईल. काल मी स्वतः लातूरला येऊन तिचा प्रवेश घेतला आणि तुमच्या गल्लीवरून मान खाली घालून परत आलो. आज सकाळी सातच्या बसमध्ये तिला बसवून देतो आहे. हे पत्र तुमच्या हातात देणारी तीच आहे. तिला आधी पाणी द्या, आणि माडीवर राहशील का म्हणून तिलाच विचारा.