तुमचा तार षड्ज

आप्पा,

त्या दिवशी माझा गळा बसला नव्हता. आपण दोघांनी मिळून साऱ्या बेळगावला फसवलं आणि एकमेकांशी मात्र त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. तुम्हाला जाऊन आता पंधरा वर्षं होतील, म्हणजे बोलायला हरकत नसावी.

नवरा गेल्यावर मी माहेरी आले, तेव्हा एकोणीस वर्षांची होते. तुम्ही शाळेतून आलात, पगडी खुंटीला अडकवलीत आणि तंबोरा माझ्या मांडीवर ठेवलात. "रडून आवाज घालवू नकोस. तारा छेड." एवढंच तुमचं सांत्वन. मला ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू! मैफलीत तुमच्यामागं बसायचं, सूर धरायचा, तुम्ही दमलात की मधली जागा भरायची आणि तुमच्यापुढं एक पाऊलही टाकायचं नाही, हे मी शिकले. मनात एकच होतं. एकदा समोर बसावं आणि एक चीज आपली म्हणून गावी. तुम्हाला ते दिसत होतं, आप्पा. तुम्ही न बघितल्यासारखं केलंत.

मग तुमचा वरचा सा गेला. साठी उलटली की जातो, त्यात लाज कसली? पण तुम्ही कुणाला कळू दिलं नाहीत. माझा आवाज तुमच्यासारखाच जाड. कंदील टांगायला करावा तसा तुम्ही हात वर करायचात, तोंड उघडायचात आणि सूर मी लावायची. तीन वर्षं लोक म्हणत राहिले, गुरुजींचा तार षड्ज अजून तस्साच आहे. पुढं पुढं तुम्हालाही तो आपलाच वाटायला लागला. घरी आल्यावर मला सांगायचात, "आज षड्ज काय लागला गं!" मी भाकरी वाढत असायची.

निपाणीजवळच्या पिराच्या उरुसात दरसाल तुमची हजेरी असायची. बिदागी नाही, आमंत्रण नाही, गवयानं आपणहून यायचं आणि पिरापुढं गायचं. सकाळी तोडी आणि शेवटी पिराच्या स्तुतीचं पद. त्या पदाचं धृपद वरच्या सा वर जाऊन थांबलं की दर्ग्याचे म्हातारे मुजावर डोळे मिटून "सुभानल्ला" म्हणायचे. एका साली गाणं संपल्यावर तेच म्हणाले, "गुरुजी, लेकीला एक चीज म्हणू द्या की." मी तंबोरा सावरून बसले. तुम्ही मागं वळूनसुद्धा बघितलं नाहीत. "हिला? भाकऱ्या लई बेस थापती ती. गाणं तिच्या बापाला राहू द्या." मंडप हसला. मीही हसले. दोन घटकांपूर्वी तुमचा षड्ज मी लावला होता.

वर्षभर मी रियाझ चुकवला नाही, भाकऱ्या चुकवल्या नाहीत. पुढच्या उरुसात तोडी झाली, पद सुरू झालं, धृपद वर चढत गेलं. तुम्ही हात वर केलात, तोंड उघडलंत. मी गप्प बसले. तंबोऱ्याच्या तारा तेवढ्या वाजत होत्या. आणि मुजावर, डोळे मिटलेले, सवयीनं म्हणाले, "सुभानल्ला!" आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळाच मंडप. तुमचा हात खाली यायला फार वेळ लागला.

परतीच्या मोटारीत बेळगावच्या अलीकडं काकती आली. मग म्हणालात, "गळा बसला व्हय गं?"

"व्हय, आप्पा."

जन्मात चुलीपुढं न बसलेला माणूस दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी ज्येष्ठमधाचा काढा करायला लागला. मी प्यायची. एके दुपारी तुम्ही शिकवणीला गेलात म्हणून मी स्वयंपाकघरात मोकळ्या गळ्यानं गायले. तो सा भरघोस लावला, आणि वळले तर मागच्या दारात तुम्ही उभे. तुम्ही चप्पल काढलीत, पाय धुतलेत आणि काढा ठेवलात. "घे. गळा बसलाय न्हवं?" त्याच आठवड्यात तुम्ही गावभर सांगत सुटलात, पोरीचा गळा कायमचा गेला, डाक्टरनं हात टेकले. शिकवणीला येणाऱ्या मुलींनाही सांगितलंत. मला कुणी कधी गायला बोलावू नये याची चोख व्यवस्था केलीत. बापाला शोभेलसं काम! स्वतःही परत गायला नाहीत, पण मला मोकळं ठेवलं नाहीत.

गेल्या महिन्यात मुजावरांचा मुलगा दारात आला. "आक्का, यंदा गुरुजींच्या जागी तुम्ही या. गळ्याला बरं असलं तर, समोर बसून, जमंल तेवढं गा." मी त्याला चहा दिला आणि म्हटलं, "न्हाय रे बाबा. गळा गेलाय माझा." तो हळहळत गेला. दार लावून मी रडले. गायले असते तर पहिल्या आलापातच सगळ्यांना कळलं असतं, तुमचा षड्ज कुणाचा होता आणि त्या दिवशी मी काय केलं ते. तुमची अब्रू राखायला नाही म्हटलं असं समजू नका. मी माझी राखली.

हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, तुमच्या तसबिरीपुढं वाचायचंही नाही. लिहिताना वाटलं होतं शेवटी माफी मागेन. पण आप्पा, तुमचा तो वर राहिलेला हात आठवला की मला अजून बरं वाटतं.