नावनमार्गे सिलोन

२० मार्च २०२०

नाशिकचं दोन खोल्यांचं घर, १९७८. हे दाढी करतायत आणि मी रेडिओची तांब्याची तार खिडकीबाहेर धरून उभी. हात जरा हलला की सिलोन गेलंच.
'उर्मिला, हलू नकोस.'
'अहो, दूध उतू जातंय.'
'जाऊ दे. एकदा जाऊन बघून येऊ, कुठे बसून बोलतात हे लोक.'

बेचाळीस वर्षांनी निघणार होतो, लेकीच्या ह्या आयर्लंडमधल्या नावन गावातून. चार एप्रिल, डब्लिनहून कोलंबो. आज मेल आला – विमान रद्द. कौमुदीने वाचून दाखवला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. लेक माझी, पण रडताना तिला कुणी बघितलेलं चालत नाही.

जानेवारीत डॉक्टर म्हणाले होते, ह्यांची आठवण जात राहील, मग माणसंही. जायचं तर लवकर जा. मला एवढंच हवं होतं – शेजारी मी आहे हे त्यांना कळत असताना एक प्रवास.

२९ मार्च

सत्तरीपुढच्यांनी घराबाहेर पडायचं नाही. हे बहात्तर. सकाळपासून चार वेळा विचारून झालं, 'बॅगा भरल्यास का?' चौथ्यांदा म्हटलं, भरल्या.

कौमुदीने आणलेलं प्रवासाचं पुस्तक काढलं. ठरवलं, रोज दुपारी चहानंतर एक ठिकाण.

७ एप्रिल

आज गॉल. डच लोकांचा किल्ला, तटावरून समुद्र. आम्ही जिन्याच्या सहा पायऱ्या चढलो आणि वरच्या खिडकीतून खाली बघितलं. खाली शेजाऱ्याचं गवत.
जिन्याशी नात अक्षया खुर्ची टाकून बसली होती. 'पासपोर्ट प्लीज, आबा.'
ह्यांनी लायब्ररीचं कार्ड काढून दिलं. तिने उलटसुलट बघितलं. 'फोटो इज ब्रुटल. बट यू आर ग्रँड, गो ऑन.'
नऊ वर्षांची पोर. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र नावनच्या इंग्रजीत – वाईट ते ब्रुटल, ठीक ते ग्रँड.

२ मे

कोलंबोचा पेट्टा बाजार. पलंगावर माझ्या ओढण्या मांडल्या, मी दुकानदारीण.
'बाई, रंग जाईल ह्याचा.'
'धुवून बघा, गेला तर परत आणा.'
'परत आणायला काय तुमच्या दुकानाशेजारी राहतो मी?'
इतकी हसले की ठसका लागला. ह्यांनी पाणी आणून दिलं, पाठीवर हात फिरवला. 'उर्मिला, हळू.'
नाव घेतलं. आजचा दिवस चांगला.

१४ जून

आता जिल्ह्यात कुठेही जाता येतं. लिक्सलिपच्या कारखान्यात आठवडाभर पाळ्या करून दमलेली कौमुदी, तरी म्हणाली, चला, बेटिस्टाउनला समुद्र बघून येऊ. लोक सरळ वाळूत गाड्या घालतात इथे. वारा असा की कानटोपी हवी.

हे बूट-मोजे काढून पाण्यात. घोट्यापर्यंत. पाय निळे पडले, पण बाहेर येईनात. 'ही कुठली चौपाटी गं?' मी सहज म्हटलं, 'बेंटोटा.' पुस्तकात आदल्याच दिवशी वाचलं होतं – सोनेरी वाळू, माडांच्या रांगा, कासवांची पिल्लं.
त्यांनी माझा हात घट्ट धरला. 'आणलंस की शेवटी मला.'
आता कसं सांगणार?

१७ जून

कुंपणापलीकडच्या म्हाताऱ्याला ह्यांनी सांगितलं, आम्ही परवाच सिलोनहून आलो. तो म्हणाला, 'फेअर प्ले टू यू' – ही इथली शाबासकी. रात्रीच्या जेवणात कौमुदी चिडली. 'आई, तू त्यांना खोटं का सांगतेस? उद्या विमानतळावर जाऊ म्हणाले तर?'

माझ्या मिशनच्या शाळेत शुक्रवारी ख्रिश्चन मुली फादरपुढे पापांची कबुली द्यायला रांगेत उभ्या राहायच्या. आम्ही बाकीच्या मागच्या बाकावर. तरी सिस्टर फिलोमिना आमच्याकडे अशा बघायच्या की आपापलं खोटं आठवत बसायचो. त्या ह्याच देशाच्या, कॉर्कच्या. आज असत्या तर विचारलं असतं. गुन्हा मला कळतो, सिस्टर. पश्चात्ताप कुठून आणू?

१८ जून

कौमुदीने कामावरून येताना शहाळ्याच्या पाण्याचा डबा आणला. दोन स्ट्रॉ घालून ह्यांच्यापुढे ठेवला.

२५ ऑक्टोबर

पुन्हा सगळं बंद. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही. आम्ही कँडीला जाऊन आलो.

३० नोव्हेंबर

महिनाभर नाव नाही माझं त्यांच्या तोंडात. 'अगं' म्हणतात. तेवढं पुरे.

१७ जानेवारी २०२१

मी पुस्तकातून मिरिसाच्या समुद्रातले देवमासे वाचून दाखवत होते. हे मध्येच म्हणाले, 'उर्मिलाला फार आवडलं असतं हे.'
मी पान उलटलं. पुढे वाचलं. आवाज बरा राहिला.
कौमुदीला नाही सांगितलं.

९ फेब्रुवारी

आज ह्यांनी परतीची बॅग भरली. अक्षया ज्याला प्रेस म्हणते त्या कपाटातून, टेबलावरून, कुठून कुठून वस्तू गोळा केल्या. म्हणाले, कागद घ्या, प्रवासाहून रिकाम्या हातानं घरी जायचं नसतं, सगळ्यांचं नीट लिहून ठेवा. हीच वही पुढे ओढली. सांगतील तसं लिहिते आहे –

दालचिनी कौमुदीला. फार काम करते ती, चहात घालून द्या.
चहाचा डबा कुंपणापलीकडच्या त्या गृहस्थांना.
लाकडी हत्ती अक्षयाला. सोंड तुटली आहे, ती वाटेत तुटली असं सांगा.
लाल रेशमी ओढणी उर्मिलाला. ती घरी राहिली, माझंच चुकलं. रुसली असेल. आधी शेजारी बसा, मग द्या.
आणि बाई, प्रवासभर तुम्ही माझा हात सोडला नाहीत. तुम्हाला काय द्यावं, ते घरी गेलो की उर्मिलाला विचारतो.